निरोपाचं गणित

लातुरात गणित शिकवणं म्हणजे मिठाईच्या दुकानात कारल्याचा गाळा मांडणं. गिऱ्हाईक आत येतं ते पेढ्यांकडं बघत, आणि आपण कोपऱ्यातून ओरडायचं, "कारलं घ्या हो, तब्येतीला चांगलं असतं!" इथला पेढा म्हणजे डॉक्टरकी. कुठून कुठून पोरं ट्रंका घेऊन लातुरात उतरतात ती डॉक्टर व्हायला, आणि डॉक्टरकीच्या परीक्षेत गणिताला जागा नाही. तरीपण अकरावीला बरीच पोरं जीवशास्त्राच्या जोडीनं गणितही घेतात. का, तर असू द्या, नडीला उपयोगी पडेल. घरात जास्तीची एक सतरंजी ठेवतात ना, तसं. पहिल्या दोन चाचण्या झाल्या की ही सतरंजी जड व्हायला लागते. मग दिवाळीच्या अलीकडं आमच्याकडं आणखी एक सण येतो. त्याचं नाव 'गणित सोडणं'.

नोकरीची बरीचशी वर्षं मी अशाच एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला गणित शिकवलं. त्याआधी मुखेडकडच्या एका शाळेत होतो. आता नांदेडला घरी असतो आणि बायकोनं सांगितलेली भाजी सोडून दुसरीच भाजी आणतो. ह्या अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, "सर, तुमच्या सेवाकाळातले अभिमानाचे क्षण लिहून द्या." मी आठवायला बसलो. एकेक अभिमानाचा क्षण काढून बघितला, तर प्रत्येकाच्या पोटात माझी एक घोडचूक निघाली. म्हटलं, मग चुकाच लिहू. अभिमान मागनं येईल आपल्या पायानं.

तर गणित सोडण्याचा सण. आमच्या क्लासच्या मालकांनी एक नियम केला होता. पोराला गणित सोडून नुसत्या डॉक्टरकीच्या बॅचमध्ये जायचं असेल, तर गणिताच्या सरांची सही लागे. एकदा सही झाली की परत येणं नाही, कारण इकडचं वेळापत्रक तिकडच्याशी जुळत नसे. त्यामुळं त्या दिवसांत माझ्याकडं रोज पोरं येत. हातात अर्ज, नजर जमिनीवर, मागं आई नाहीतर बाप. सुरुवातीला मी लपत असे. खरंच. गल्लीच्या तोंडाला चहाचं हॉटेल होतं, त्याच्या मागच्या बाकड्यावर जाऊन बसायचो. एका हुशार आईनं मला तिथंही गाठलं. म्हणाली, "सर, सही करायला तुमचा हात दुखत असंल तर तसं सांगा. मी धरते."

त्या दिवशी घरी जाताना विचार केला की पोरं पळून चालली आहेत ते चालली आहेत, पण जाताना हरून का जावीत? आयुष्यभर 'मला गणित आलं नाही' म्हणत हिंडणार. त्यापेक्षा जाताना एक गणित जिंकून जाऊ द्या. दुसऱ्या दिवसापासून मी सांगायला लागलो, "सही करतो. पण आधी माझ्यासमोर बसून एक गणित सोडवायचं. शेवटचं." पोरांनी त्याला नाव दिलं, निरोपाचं गणित.

निरोपाचं गणित दरवेळी एकाच जातीचं असे. एक रेषा दिली आहे, एक बिंदू दिला आहे. त्या बिंदूतून जाणाऱ्या, आणि दिलेल्या रेषेला समांतर असणाऱ्या रेषेचं समीकरण काढा.

वाचकांतल्या ज्यांनी गणित सोडलं आहे त्यांनी घाबरू नये, मी सही मागणार नाही. रेषेचं समीकरण म्हणजे रेषेचा पत्ता. समजा x + 2y - 4 = 0. ह्यात x आणि y च्या पुढं जे आकडे आहेत ते रेषेचा चढ सांगतात, म्हणजे ती किती तिरपी चालली आहे ते. मागं जो एकटा आकडा उभा आहे, तो सांगतो की अशा तिरप्या रेषांतली ही नेमकी कोणती. आता हिला समांतर रेषा पाहिजे असेल तर x, y च्या आकड्यांना हात लावायचा नाही. मागचा एकटा आकडा काढायचा आणि तिथं k लिहायचा. x + 2y + k = 0. मग दिलेला बिंदू, समजा (3, 5), आत घालायचा. 3 अधिक 10 अधिक k बरोबर शून्य. k निघाला वजा 13. उत्तर, x + 2y - 13 = 0. झालं. एवढ्याला लोक घाबरतात.

वर्गात मी सांगायचो, "समांतर रेषा म्हणजे आपल्या गावचे भाऊबंद. चाल एक, तिरपेपणा एक. फरक काय तो घराचा. आणि कितीही लांब गेले तरी एकमेकांना भेटायचे नाहीत." ह्यावर पोरं हमखास हसत. हसणाऱ्यांत ज्यांच्या घरी बांधाचं भांडण चालू असे ती जरा जास्त हसत.

समांतर रेषांशी माझं वैर मात्र जुनं. माझी सासुरवाडी भोकर तालुक्यात. लग्नानंतरच्या पहिल्याच पेरणीला तिथं गेलो होतो. मेहुणा म्हणाला, "दाजी, धरता का तिफण? का नुसतंच फळ्यावर पेरता?" आता नव्या जावयानं अशा वेळी गप्प बसावं. मी बाही सारली. म्हटलं, "अरे, समांतर रेषा हा माझा धंदा आहे." तिफणीला तीन फण असतात, त्यामुळं एका फेरीतल्या तीन ओळी तिफणीच्या कृपेनं सरळ पडल्या. पण फेरी संपवून परत फिरलो की माझी नजर बैलांवर. मागची ओळ कुठं आहे ते बघायचं भानच नव्हतं. पेरताना मातीत काही दिसत नाही, म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. आठवड्यानं सोयाबीन उगवलं आणि सगळ्या गावाला दिसलं. माझ्या ओळी विहिरीकडं जाता जाता एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. सासरे फार बोलणारे नव्हते. त्यांनी मुद्दाम फोन केला. "जावईबापू, तुमच्या समांतर रेषा भेटल्या बरं का. विहिरीपाशी." पुढं ओळींमधलं तण काढायला, कोळपणीला, तिथं बैलांचं कोळपं शिरेना, तेव्हा मेहुण्यानं माझ्या नावानं हंगामभर खुरपं चालवलं. अजूनही दिवाळीला गेलो की विचारतो, "दाजी, औंदा धरता का?"

ही गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगितली. समांतर रेषा काढायची तर आधी जुन्या रेषेकडं बघा, बैलांकडं बघू नका. चढ तिच्याकडून घ्या. फळ्यावरची चार उदाहरणं विसरून जातील, पण मास्तरची फजिती कोणी विसरत नाही.

निरोपाचं गणित सोपं असल्यानं बहुतेकांना येई. काही पोरं उत्तर बघून थबकत. मग अर्ज खिशात घालून म्हणत, "सर, दिवाळीनंतर बघू." असे थांबलेले माझे हिरे. काही बरोबर सोडवून, सही घेऊन, खुशाल निघून जात. त्यांचाही मला राग नाही. मागच्या वर्षी गुडघा धरला म्हणून इथं नांदेडात एका तरुण डॉक्टरकडं गेलो. त्यानं गुडघा दाबत दाबत माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "x, y च्या आकड्यांना हात लावायचा नाही, मागचा एकटा आकडा काढायचा." मी टेबलावर उठूनच बसलो. निरोपाचं गणित सोडवून गेलेला निघाला. म्हणाला, "सर, गणितातलं एवढंच येतं मला. पण एवढं पक्कं येतं." वर सल्ला दिला, "चालताना पाय समांतर टाका." मी म्हटलं, "बाबा, समांतर टाकायचं मला कधीच जमलं नाही, भोकरला विचार."

आणि एक पोरगा हदगावचा. त्या दिवशी मला घाई होती, कसली ते आता आठवतसुद्धा नाही. दारातच अर्ज पुढं केला, मी उभ्या उभ्या सही केली. गणित घातलं नाही. तो जरा वेळ तिथंच उभा राहिला, जणू आणखी काहीतरी व्हायचं राहिलं होतं. मग गेला. एवढं एक मनात राहिलं आहे.

आता मुख्य गोष्ट.

रेणुका मुखेड तालुक्यातल्या एका खेड्यातली. क्लासजवळच्याच मुलींच्या होस्टेलवर राहायची. वर्गात खिडकीपाशी बसायची आणि तिचा एकच प्रश्न ठरलेला, "सर, पण का?" मी सूत्र लिहिलं की, "पण का?" मी सिद्ध करून दाखवलं की, "पण आधी असं का धरायचं?" अशी पोरं मास्तरला आवडतात आणि जीवही खातात. चाचणीत मात्र तिला फार कमी मार्क. कारण काय, तर पहिलं गणित सुटलं की ती ते उलटून बघायची, मग पालटून बघायची, उत्तर परत प्रश्नात घालून बघायची. ती दुसऱ्या गणिताशी पोचेपर्यंत घंटा. दोन्ही चाचण्यांचे मार्क घरी गेले आणि घरातून निरोप आला, गणित सोडायचं.

घर म्हणजे तिचे चुलते. वडील गावी शेती बघत, पण शिक्षणाचा कारभार चुलत्यांकडं. गोविंदराव त्यांचं नाव, एसटीत ड्रायव्हर. मुखेड-लातूर त्यांची ठरलेली गाडी. शनिवारी संध्याकाळी वर्ग सुटल्यावर रेणुका माझ्या टेबलाशी आली.

"सर, सोमवारी काका येणार हायत. अर्ज घेऊन."

"मग?"

"सही करू नका."

"अगं, ते घरचे आहेत. मी नाही कसं म्हणू?"

"मला गणित ठेवायचंय सर. मार्क पडत न्हाईत, पण मला आवडतंय." मग जरा थांबून, "दुसरं कुठलं उत्तर असं तपासून बघता येतंय?"

मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "बिनघोर राहा. निरोपाचं गणित आहे ना? तू ते त्यांच्यासमोर सोडव. पुढचं माझ्यावर सोड." ती गेली तेव्हा तिचं तोंड उजळलं होतं. माझं तर फारच. त्या वयात मला स्वतःवर इतका भरवसा होता की निरोपाची गणितं मी कधी आधी काढून ठेवत नसे. बाहेर रांगेतली पोरं एकमेकांना उत्तरं सांगत, म्हणून प्रत्येकाला आकडे नवे. ते मी समोरच्याकडं बघत बघत, तोंडावर, हवेतून काढायचो. गवई तान घेतो ना, तशी माझी समजूत.

सोमवारी गोविंदराव आले ते खाकी कपड्यातच. माणूस धिप्पाड, मिशा दोन्ही बाजूला सारख्या कापलेल्या. मागं रेणुका. खुर्चीत बसायच्या आधीच अर्ज टेबलावर.

"सर, नमस्कार. गाडी स्टँडावर लावून आलोय. परत निघायचा टाइम होत आलाय. एवढी सही मारा."

"बसा तरी. चहा सांगतो."

"चहा नको. पोरीला डाक्टर करायचंय. हिचं डोकं गणितात गुतून राहिलं की बाकीचं मागं पडून राहिलं. दोन दगडावर पाय ठिवून कुणी नदी वलांडती का?"

मी म्हटलं, "गोविंदराव, पोरगी हुशार आहे."

"आमच्या घरात सगळेच हुशार हायत. मार्क कुठं हायत?"

खरं होतं. मी आमची रीत सांगितली, की सही करण्याआधी एक गणित. आणि त्याला माझ्या मनाचा एक तुकडा जोडला. "असं करू. तिनं हे गणित सोडवलं तर वर्षभर राहू द्या. नाही सुटलं तर मी सही करतो, एक शब्द बोलणार नाही."

गोविंदरावांनी पुतणीकडं बघितलं. ती भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होती.

"अवघड घालू नका पुन्हा," ते म्हणाले. "न्हाईतर ही म्हणंल, मुद्दाम अवघड घातलं."

"अहो, सगळ्यांत सोपं घालतो."

आणि मी घातलं. कागद पुढं ओढला, पेन टोपणातून काढलं, गोविंदरावांच्या मिशांकडं बघत दोन आकडे हवेतून उचलले. '2x - 3y + 5 = 0 ह्या रेषेला समांतर असणाऱ्या आणि (2, 3) ह्या बिंदूतून जाणाऱ्या रेषेचं समीकरण काढा.' कागद रेणुकाकडं सरकवला आणि खुर्चीला टेकून बसलो. दोन ओळींचं काम.

तिनं 2x - 3y + k = 0 लिहिलं. बिंदू घातला. 4 वजा 9 अधिक k. k निघाला 5. मग तिनं उत्तर लिहिलं, लिहिलेल्याकडं बघितलं, आणि खोडलं.

पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तेच. पुन्हा खोडलं.

"खोडून राहिली बघा," गोविंदराव हळूच म्हणाले. गाडीचा टाइमही ते विसरले असावेत.

मी वाकून बघितलं. कागदावर खोडलेल्याच्या खाली, 2x - 3y + 5 = 0. माझ्या मनात आलं, पोरगी घाबरली. मी हसून म्हणालो, "अगं, हा तर प्रश्न झाला. उत्तर लिही."

आजही हे वाक्य आठवलं की मी एकटा असलो तरी तोंड लपवतो. समोर अख्खं उत्तर लिहिलेलं, आणि मास्तर म्हणतोय उत्तर लिही.

रेणुकानं माझ्याकडं एकदा बघितलं. मग तिनं जे केलं ते तिला चाचणीत मार्क न मिळवून देणारं काम. तिनं (2, 3) हा बिंदू मीच दिलेल्या मूळ रेषेत घालून बघितला. 4 वजा 9 अधिक 5. शून्य. पट्टी काढली, कागदाच्या कडेला अक्ष काढले, रेषा मारली, बिंदू टिंबानं दाखवला. टिंब रेषेच्या बरोबर पोटात बसलं.

"सर," ती इतक्या बारीक आवाजात म्हणाली की जणू चोरी तिनंच केली होती, "हा बिंदू त्याच रेषेवर हाय."

मी कागद ओढून घेतला. पुन्हा गुणाकार केला. दोन दुणे चार आणि तीन त्रिक नऊ, हे मी त्या दिवशी जितक्या आशेनं पुन्हा केलं तितक्या आशेनं कधी केलं नसेल. बदललं काही नाही.

"काय झालं?" गोविंदराव म्हणाले. "आलं का न्हाई?"

आता त्यांना समजावणं आलं. मी म्हटलं, "गोविंदराव, तुमची गाडी मुखेडच्या रस्त्यावर उभी आहे, असं धरा. मी तुम्हाला सांगितलं, मुखेडच्या रस्त्याला समांतर असा दुसरा रस्ता काढा. पण तो ह्याच गाडीच्या खालून गेला पाहिजे."

ते लगेच म्हणाले, "मग तो दुसरा कसा? त्योच की रस्ता."

"हां. तेच."

"मग असं गणित का म्हून घातलं?"

इथं, वाचकहो, मला देवानं एक सोन्याची संधी दिली होती. नुसतं म्हणायचं, 'मुद्दाम घातलं. पारखून बघत होतो.' गोविंदरावांनी मला हात जोडले असते, आणि आमच्या क्लासनं माझा फोटो लावला असता. वाक्य ओठांवर आलंही होतं. पण समोर रेणुका बसली होती, आणि ती पोरगी कुठलंही उत्तर उलटून बघितल्याशिवाय सोडत नसे. हे उत्तर तर तिनं नक्कीच उलटून बघितलं असतं. आदल्या मिनिटाला मीच म्हणालो होतो, 'हा तर प्रश्न झाला.'

"चुकून घातलं," मी म्हणालो. "माझं चुकलं."

गोविंदरावांनी अर्ज उचलून माझ्यासमोर जरा आणखी जवळ ठेवला.

"सर, राग मानू नका. पर मास्तरच चुकून राहिला, आन म्हंता गणित ठेवा. सोमवारीच चुकणाऱ्याकडं वर्षभर पोरगी कशी ठिवू? करा सही."

बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. मी माझ्या शब्दानं माझ्याच हातानं त्या पोरीचा रस्ता बंद केला होता. पेन हातात होतं. बिनघोर राहा म्हणून तिला शब्द दिला, आणि जे सुटूच शकत नाही असं गणित घालून बसलो.

"काका," रेणुका म्हणाली. आता आवाज बारीक नव्हता. "ठरलं काय होतं?"

"काय?"

"गणित सुटलं तर राहायचं."

"सुटलं कुठं?"

"हे सुटतच न्हाई. अशी दुसरी रेषा न्हाईच. ते कुणी सांगितलं? सरांनी सांगितलं का?"

गोविंदरावांनी माझ्याकडं बघितलं.

"सरांनी मला चुकलं म्हणून सांगितलं," ती म्हणाली, "तरी बी मी तपासलं."

बाहेर दुसऱ्या बॅचची पोरं जिन्यात गोंगाट करत होती. गोविंदरावांनी तो कागद उचलला, लांब धरून बघितला. टिंबावर अंगठा ठेवला, काढला. त्यांना त्यातलं किती कळलं मला माहीत नाही, पण टिंब रेषेवर आहे एवढं दिसत होतं.

"आमच्याकडं," शेवटी ते म्हणाले, माझ्याकडं नाही, तिच्याकडंही नाही, त्या कागदाकडं बघत, "मेकॅनिक गाडी देतो. म्हंतो, सगळं ठीक हाय, घेऊन जावा. नवा ड्रायव्हर असला तर घेऊन जातो. जुना असला तर स्टँडाच्या भाईर पडायच्या आत एकदा ब्रेक दाबून बघतो. कुणी ठीक हाय म्हणू द्या." कागद खाली ठेवला. "पोरगी ब्रेक दाबून बघती."

त्यांनी अर्ज घेतला, चार घड्या घातल्या, खाकी शर्टाच्या खिशात टाकला आणि बटण लावलं.

"बापाला फोन तूच करायचा. मी ऐकून घेणार न्हाई."

"करते."

"आन ते घड्याळ बघून गणितं सोडव जरा. तपासायचं ते तपास, पर सगळ्या गाड्या एकाच थांब्यावर उभ्या करू नको."

"हाव काका."

दारापाशी जाऊन ते वळले. मी उभा राहिलो होतो. मला वाटलं, नमस्कार करणार.

"सर, तुमी बी," ते म्हणाले, "गाडी काढायच्या आधी एकदा ब्रेक दाबत जावा."

ते वाक्य आमच्या क्लासला चिकटलं. मी फळ्यावर उदाहरण लिहिलं की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "सर, ब्रेक?" आणि मी सगळ्यांसमोर बिंदू रेषेत घालून बघायचो. शून्य आलं नाही की वर्ग टाळ्या वाजवायचा. पहिल्यांदा मला लाज वाटली. मग लक्षात आलं की पोरं उत्तर काढायच्या आधी प्रश्नच तपासून बघायला लागली आहेत. इतकी वर्षं घसा कोरडा करून मला जे शिकवता आलं नव्हतं ते एका चुकीनं शिकवलं. त्या वर्षी निरोपाचं गणित सोडवून थांबलेल्या पोरांची एक आख्खी नवी रांग मागं बसवावी लागली. मालक म्हणाले, "सर, ह्या वर्षी काय केलंत?" मी म्हटलं, "चुकलो."

रेणुकाचं घड्याळाशी हळूहळू जमलं. ती प्रश्न तपासायची, पण आता चालता चालता. बारावीच्या सुरुवातीला ती वर्गात मला सरळ म्हणायची, "सर, दोन नंबरचं उदाहरण बघा जरा." दरवेळी तिचंच बरोबर असायचं असं नाही. एकदोनदा माझंही निघालं.

आणि त्याच जूनमध्ये गोविंदराव पुन्हा आले. पुन्हा खाकीत, पुन्हा गाडी स्टँडावर. ह्या वेळी मागं त्यांचा स्वतःचा मुलगा, प्रसाद. दहावी झालेला, मिशा फुटायच्या बेतात. रेणुकाही बॅच सुटली म्हणून भावाला बघायला आली होती.

"सर, ह्याला गणित द्यायचंय," गोविंदराव म्हणाले. "पर आधी ते घाला."

"काय?"

"निरोपाचं गणित. ह्याला जायच्या वक्ती नको, येतानाच घाला. तसलंच. चुकीचं. बघू ह्याला सापडतंय का."

म्हटलं, आता आपली पाळी. ह्या वेळी मुद्दाम, विचार करून, कसलेल्या हातानं चूक करायची. मनातल्या मनात हिशोब केला. 3x + 4y - 18 = 0. बिंदू (2, 3). तीन दुणे सहा, चार त्रिक बारा, अठरा, वजा अठरा, शून्य. बिंदू रेषेच्या पोटात. गवई खूश. झरझर कागदावर लिहिलं आणि प्रसादपुढं सरकवला. गोविंदरावांनी मला डोळा घातला. मीही त्यांना घातला.

प्रसाद शांतपणे लिहीत राहिला. खोडलं नाही. थांबला नाही. उत्तराखाली रेघ मारून कागद फिरवला. 3x + 4y - 17 = 0.

मी अनुभवी माणसासारखा हसलो. "बाळा, ब्रेक दाबून बघितलास?"

त्यानं बिंदू उत्तरात घालून बघितला. "नऊ आणि आठ सतरा, वजा सतरा, शून्य. बरोबर हाय की सर."

नऊ आणि आठ? माझं हसू तिथंच थांबलं. रेणुकानं भावाच्या खांद्यावरून कागद उचलला. प्रश्न वाचला. बिंदू मूळ रेषेत घालून बघितला. घाईत मी (2, 3) च्या जागी (3, 2) लिहिला होता, आणि तो रेषेवर नव्हता. नीटनेटका बाजूला उभा होता, जसा चांगल्या गणितातला बिंदू असतो.

गोविंदराव आमच्या तिघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होते.

"काय झालं? सापडली का चूक?"

"न्हाई काका. गणितात चूकच न्हाई."

"म्हंजी ह्या खेपेला सरांचं बरोबर हाय?"

रेणुकानं माझ्याकडं बघितलं. कागद टेबलावर ठेवला, अगदी अलगद.

"हाव काका," ती म्हणाली. "चुकून."